आधी निदान, मग सोल्युशन

गृहसंकुलाच्या क्लबहाऊसमध्ये पूल टेबल असणं ही पुण्या-ठाण्यात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पहिलं वर्षभर त्याभोवती मुलांची गर्दी असते. मग हळूहळू तक्रारी सुरू होतात. खिडकीकडच्या कडेला बॉल मारला की परत येताना अर्ध्यातच थांबतो, कोपऱ्याजवळ लागला की धप्प असा आवाज येतो. विषय कमिटीच्या बैठकीत जातो, ओळखीचा सुतार बोलावला जातो आणि तो पिशवीतून पांढऱ्या फेविकॉलचा डबा काढतो. काम बिघडायला सुरुवात होते ती इथून. सुतार कसबी असतो, पण त्याचा हात बसलेला असतो लाकडाला लाकूड जोडण्यावर. इथे लाकडाला रबर जोडायचं असतं, आणि ते खरोखर सुटलं आहे का, हे अजून कुणी पाहिलेलंच नसतं.

कुशनची रचना तशी साधी. टेबलाच्या कडेला जाड लाकडी रेल असते. तिच्या आतल्या बाजूला त्रिकोणी घडणीची रबराची लांब पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरून कापड ओढून घेतलेलं असतं. वरच्या बाजूला रेलमध्ये एक खाच असते; कापडाची कड त्या खाचेत घालून वरून लाकडाची बारीक पट्टी ठोकतात. कारागीर तिला फेदर स्ट्रिप म्हणतात. कापडाची दुसरी कड रेलच्या खालच्या अंगाला स्टेपल पिनांनी पक्की केलेली असते. आणि ही सगळी रेल खालून, दगडी स्लेटमधून आलेल्या बोल्टांनी आवळलेली असते. सहा पॉकेटं म्हणून सहा रेल, सहा रबरं.

कुशनमध्ये रबर आलं ते एकोणिसाव्या शतकात. त्याआधी कडेला कापडाच्या पट्ट्यांचे थर किंवा घोड्याचे केस भरत. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबरी कुशन आणलं, पण ते कच्चं रबर थंडीत दगडासारखं होई. खेळाआधी गरम पाण्याची भांडी लावून ते मऊ करावं लागे. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत शोधली, त्यांचं अमेरिकी पेटंट १८४४ चं. पुढच्याच वर्षी थर्स्टननी तसं रबर कुशनला लावलं. आजची पट्टी त्याच जातीची आहे. फरक एवढाच की चांगल्या पट्टीच्या पाठीला कॅनव्हास आणि वरच्या अंगाला कापडाचा एक पट्टा साच्यातच बसवलेला असतो. पाठीचा कॅनव्हास सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्रव, धरायला असतो, वरचा पट्टा उसळी सगळीकडे सारखी राहावी म्हणून. स्वस्त पट्टीत हे दोन्ही नसतात. विकत घेताना बोट फिरवलं तरी कळतं.

आता निदान. त्याला लागतो एक बॉल, अंगठा आणि कान.

बॉल हाताने, मध्यम वेगाने, एकाच रेलवर वीतभर अंतरावर मारत जावं. चांगलं कुशन जवळजवळ मुकं असतं. लागतं आणि परत फेकतं. जिथे बॉल दमतो तिथे आवाजही बदलतो. खडखड किंवा थरथर ऐकू आली तर पहिला संशय बोल्टवर घ्यावा. रेल किंचितही हलत असेल तर बॉलची ताकद लाकूड हलवण्यात खर्च होते, रबर कितीही उत्तम असो. टेबलाखाली शिरून पान्याने बोल्ट आवळले की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा कारागिरांचा अनुभव असतो. कापड उघडायच्या आधी हे करावं, कारण याला खर्च शून्य. फुरफुर असा आवाज आला तर खाचेतली लाकडी पट्टी सैल झालेली असण्याचा संभव असतो. तीही लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलक्या हाताने पुन्हा बसवता येते.

मग अंगठा. कुशनचं नाक, म्हणजे बॉलला लागणारी धार, अंगठ्याने खालून वर ढकलून पाहावी. रबर धरून असेल तर ते दाबलं जाईल पण जागचं हलणार नाही. एखाद्या टप्प्यात सगळी पट्टीच वर उचलल्यासारखी वाटली, तर तिथे सोल्युशनने लाकूड सोडलं आहे. आणि नाक दाबलंच जात नसेल, हाताला लाकडासारखं लागत असेल, तर रबर जुनं होऊन कडक झालं आहे. उष्णता, ऊन आणि हवेतला ओझोन रबराला खातात. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेल्या टेबलाची एक बाजू आधी जाते, ती याच कारणाने. असं रबर पुन्हा चिकटवण्यात अर्थ नसतो.

मधली अवस्था मात्र फसवी असते. रबर थोडं सुटलंय, पण जिवंत आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. अशा वेळी एका रेलचं कापड उघडून सुटलेला भाग वाकवून पाहावा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, कड चुरली किंवा बोटाला काळी पूड लागली, तर पट्टी टाकून द्यायची. लवचीक असेल आणि सोडल्यावर लगेच सरळ होत असेल, तर तेवढाच भाग साफ करून पुन्हा चिकटवावा. पूर्ण पट्टी उपटण्याची हौस करू नये. सुटलेल्या तोंडात पुट्टीची पत्ती घालून जुना थर खरवडायचा, सोल्युशन आतपर्यंत दोन्ही अंगांना पोचवायचं, तोंड काडीने उघडं ठेवून ते सुकू द्यायचं आणि मग दाबायचं. वीत-दीड वीत सुटलं असेल तर हे पुरतं. अर्ध्याहून जास्त पट्टी सुटली असेल तर उरलेली अर्धीही रांगेत उभी आहे असं समजावं.

रबर बदलायचंच ठरलं तर सहाही बदलावीत. एकच बदललं की नव्या कडेवरून बॉल उसळून येतो, जुन्यावरून लोळत येतो आणि बँक शॉटचा हिशोब कुणालाच लागत नाही. कमिटीच्या खजिनदाराला हे पटवणं अवघड जातं, पण एकेक करून सहा वेळा कापड उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

कुठलं रबर?

दुकानात किंवा ऑनलाइन ऑर्डर देताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. टेबल आठ फुटी म्हणून ‘आठ फुटी टेबलाचं रबर’ मागवलं जातं. लांबी ही किरकोळ गोष्ट आहे, महत्त्वाचा असतो त्रिकोणाचा आकार. अमेरिकी पद्धतीच्या आठ आणि नऊ फुटी टेबलांवर बहुतेक वेळा के-६६ हा आकार असतो, काहींवर के-५५, लहान आणि स्वस्त टेबलांवर यू-२३. नुसत्या डोळ्यांना हे एकमेकांचे भाऊ वाटतात. पण प्रत्येकाची पाठ वेगळ्या मापाची आणि नाकाची जागा वेगळी. म्हणून जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा सरळ कापून घ्यावा, त्याची पाठ, वरची बाजू आणि खालची बाजू अशी तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये घ्यावीत आणि तो तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून ठेवावा. विक्रेत्याला हा आखलेला त्रिकोण पाठवला की गोंधळ टळतो.

जुनी पट्टीच चुकीची असेल तर? ही शंका रास्त आहे, कारण दुरुस्त झालेल्या टेबलांवर हमखास कुणीतरी मिळेल ते बसवलेलं असतं. त्यासाठी एकच माप खात्रीचं: नाकाची उंची. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार स्लेटपासून नाकापर्यंतची उंची बॉलच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के असावी. पूलचा प्रमाण बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे नाक साधारण ३५.७ ते ३६.९ मिलिमीटरवर हवं. बॉल लहान असेल तर आकडा बदलतो. इंग्लिश पूलचे दोन इंची बॉल अमेरिकी टेबलावर आणून खेळणारे लोक कुशनला दोष देतात तेव्हा कुशन बिचारं निर्दोष असतं.

हा ६३ टक्क्यांच्या आसपासचा आकडा कुठून आला, हे पाहण्यासारखं आहे. फ्रेंच गणिती कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खा ग्रंथ लिहिला. वाऱ्यांच्या आणि सागरी प्रवाहांच्या वळणाला ज्यांचं नाव दिलं जातं तेच हे. गोळ्याचं गणित सांगतं की त्याच्या व्यासाच्या ७० टक्के उंचीवर आडवा ठोसा बसला तर तो न घसरता थेट गडगडत निघतो. मग कुशन ७० टक्क्यांवर का नाही? कारण बॉल रबरात रुतताना नाक त्याच्या वरच्या अंगाला टेकतं आणि बॉलला खाली दाबतं. तो स्लेटवर घासला जातो, वेग हरवतो. उलट नाक फार खाली आणलं तर बॉल जोरात लागल्यावर उडी मारतो. या दोन्हींच्या मधली जागा ६३ टक्क्यांच्या आसपास सापडली. जोरात मारलेला बॉल कुशनवरून टुणकन उडत असेल तर आधी पट्टी मोजावी. नाक बहुधा एक-दोन मिलिमीटर खाली असतं.

खोलणं आणि खरवडणं

रेल खोलण्याआधी प्रत्येकीच्या पाठीवर खडूने क्रमांक घालावा आणि टेबलाच्या त्या जागेवरही तोच घालावा. रेल दिसायला सारख्या असतात, बोल्टांची छिद्रं मात्र केसभर वेगळी. जुन्या घडणीच्या टेबलांत चामड्याच्या पॉकेटांचं लोखंड दोन रेलना जोडलेलं असतं. ते आधी सोडवावं, नाहीतर रेल उचलताना लाकूड चिरतं. काम दोघांनी करावं. एक जण खाली पाना फिरवतो, दुसरा वर रेल धरून असतो.

स्टेपल पिना बोथट पेचकसने उचलून पकडीने काढाव्यात. खाचेतली लाकडी पट्टी एका टोकाने हळूच उचलावी आणि मोडली नाही तर तीच परत वापरावी. तिच्या जाडीचा खाचेशी जमलेला मेळ नव्या पट्टीत सहज जमत नाही. जुनं रबर हाताने ओढून निघतं तेवढं ओढावं, उरलेल्या कॅनव्हासवर हेअर ड्रायर फिरवून तो पत्तीने काढावा. हीट गन असेल तर बेताने, कारण जळलेलं जुनं सोल्युशन लाकडात मुरतं.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळी दुरुस्ती त्याच्यावर उभी आहे. लाकडावरचा जुना थर शेवटच्या ठिपक्यापर्यंत निघायला हवा. पटाशी सपाट धरून खरवडावं, मग लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासावं. ठोकळा न वापरता बोटांनी घासलं की कडा गोल होतात. आणि जास्त उत्साहाने लाकूडच घासलं गेलं तर रबराच्या बैठकीचा कोन बदलतो, नाक खाली किंवा वर जातं, म्हणजे वर सांगितलेला सगळा हिशोब फिसकटतो. रंधा तर इथे हातातही घेऊ नये. लाकडात खड्डे पडले असतील, जुन्या पिनांची भोकं मोठी झाली असतील तर इपॉक्सी पुट्टीने भरून, सुकल्यावर सपाट करावं. स्वस्त टेबलांच्या रेल कधीकधी दाबलेल्या भुशाच्या फळीच्या असतात. ओल लागून त्या फुगल्या असतील तर त्यांच्यावर रबर टिकणार नाही, रेलच नवी करावी लागते.

सोल्युशन

पांढरा फेविकॉल पाण्यात मिसळलेला असतो. लाकूड ते पाणी शोषतं म्हणून तो लाकडाला धरतो. रबर शोषत नाही, म्हणून तिथे तो नुसता पापुद्रा होऊन बसतो. फेविक्विकसारखे झटपट चिकटणारे द्रव सुकल्यावर कडक होतात आणि प्रत्येक ठोक्याला मुरडणाऱ्या रबराखाली तडकतात. हवं असतं ते रबरी सोल्युशन: सनमायका, फोम, रेक्झिन, चपलेचा तळ चिकटवताना वापरतात त्या जातीचं. फेविकॉल एसआर ९९८ किंवा डेन्ड्राइट ही हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारी नावं. परदेशात बरेच कारागीर डब्यातून फवारायचं सोल्युशन वापरतात. त्याने काम झटपट होतं, पण हात बसलेला नसेल तर थर कमी-जास्त पडतो. ब्रशने लावलेलं नवख्याला सोपं जातं.

पद्धत अशी. लाकडावर पातळ हात द्यावा आणि सुकू द्यावा. लाकूड पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून त्यावर दुसरा द्यावा. पट्टीच्या कॅनव्हासवर एक हात पुरतो. मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाची मागची बाजू टेकवली असता तार सुटत नाही, किंचित चिकट वाटतं, तेव्हा दोन्ही पृष्ठं जोडायची. ओलं असताना जोडलं तर आतला द्रव बाहेर पडायला वाट राहत नाही आणि जोड महिनाभर मऊच राहतो. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांमागे ही दहा मिनिटांची घाई असते.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात आणखी एक अडचण येते. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बारीक दव होऊन बसते. थर पांढुरका दिसू लागतो आणि त्यावर चिकटवलेलं धरत नाही. तसं झालं तर हेअर ड्रायरने हलकी ऊब देऊन थर पुन्हा पारदर्शक होऊ द्यावा. शक्य असेल तर काम पावसाळा संपल्यावर काढावं. लाकूडही तोवर उतरलेलं असतं.

या द्रवाची वाफ पटकन पेट घेते आणि बंद खोलीत डोकं धरते. खिडक्या उघड्या, शेजारी उदबत्ती, सिगारेट, गॅस काही नको. ड्रायरही द्रव उडून गेल्यावरच.

चिकटवताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच: रबर ताणायचं नाही. नकळत हात ओढतो, पट्टी सरळ दिसावी म्हणून. ताणलेली पट्टी बारीक होते, नाकाची जागा सरकते, आणि पुढच्या काही महिन्यांत ती आकसून टोकाकडून सुटू लागते. पट्टी दोन्ही बाजूंना इंचभर लांब कापावी, रेलवर सैल ठेवावी आणि मधे वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घालून एका टोकापासून कागद थोडा थोडा ओढत दाबत जावं. एकदा टेकलं की ते सरकत नाही. वरची कड रेलच्या वरच्या कडेशी, खाचेच्या ओठाशी, तंतोतंत जुळायला हवी. पट्टी उलटी बसवण्याचा प्रकारही घडतो, म्हणून आखून ठेवलेला त्रिकोण समोर धरावा. शेवटी रबरी हातोड्याने किंवा लाटण्याने पाठीच्या दिशेने दाबून घ्यावं.

टोकं कापायची ती चोवीस तासांनी. हॅकसॉचं नवं पान साबणाच्या पाण्यात बुडवून, लाकडाच्या तिरप्या कापाला टेकवून चालवावं; लाकूडच कोन दाखवतं. कोपऱ्याच्या पॉकेटाला हा कोन १४२ अंश आणि बाजूच्या पॉकेटाला १०४ अंश, एक अंश इकडेतिकडे, असा नियम आहे. या कापावर जास्त कडक रबराचा पातळ तुकडा चिकटवतात. पॉकेटात जाणारा बॉल त्यावर आदळतो. तोही दोन्ही अंगांना सोल्युशन लावून, पूर्ण पृष्ठभर चिकटवावा आणि सुकल्यावर धारदार पात्याने बाजूचा उरलेला भाग तासावा. हा तुकडा सुटलेला असेल तर बॉल पॉकेटच्या तोंडात खडखडून बाहेर येतो आणि खेळणारा नशिबाला दोष देतो.

कापड बदलायचं असेल तर हीच वेळ. जुनं कापड काढून परत लावता येतं, पण ते एकदा ताणलेलं असतं आणि जुन्या घड्या नव्या जागी बसत नाहीत. खाचेत लाकडी पट्टी ठोकताना कापड मधून टोकांकडे सारखं ओढावं. पट्टीला कुठलंही सोल्युशन लावू नये. पुढच्या वेळी ती काढायची असते.

बारा फुटी स्नूकर टेबलाला हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही. १८७५ मध्ये जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्नूकर जन्मलं आणि इथल्या जुन्या जिमखान्यांत अजून तीच मोठी टेबलं दिमाखाने उभी आहेत; बिलियर्ड्सपटू विल्सन जोन्स आणि मायकेल फरेरा यांच्या पिढ्या याच प्रकारच्या टेबलांवर घडल्या. त्यांचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, रबराची घडण वेगळी, पॉकेटाचे काप गोलसर आणि ठरावीक साच्याने तपासले जाणारे. चांगल्या टेबलांत कुशनमागे जड पोलादी ठोकळे असतात. बोल्ट आवळण्यापलीकडे तिथे हौशी हाताने जाऊ नये, टेबल बसवणाऱ्या माणसालाच बोलवावं.

पूल टेबलाच्या रेल परत लावताना सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून धरवावेत. समोरासमोरच्या रेल सुतळी ताणून एका रेषेत आणाव्यात. मग प्रत्येक रेलचा मधला बोल्ट, त्यानंतर बाजूचे, असं अर्धा-अर्धा फेरा देत आवळावं. एकच बोल्ट शेवटपर्यंत पिळला तर रेल वाकते. पाणसळ लावून स्लेट सपाट आहे ना तेही याच वेळी पाहून घ्यावं. चाचणीसाठी पांढरा बॉल एका टोकाच्या ठिपक्यावर ठेवून, मधोमध, फिरकी न देता, जोरकस मारावा. टेबलाच्या लांबीच्या चार ते साडेचार पट अंतर, तेही उडी न घेता, त्याने कापलं तर कुशन नियमात बसतं. नंतर तोच फटका प्रत्येक रेलच्या दोन-तीन जागी घेऊन आवाज ऐकावा.

उरलेला रबराचा तुकडा, त्याच्या आकाराचं नाव, नाकाची उंची आणि कामाची तारीख लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलाखालच्या चौकटीला चिकटवून ठेवावी. आणि पंधरा दिवसांनी पाना घेऊन एकदा परत खाली शिरावं. नव्या कापडाखाली लाकूड बसतं तसे बोल्ट पाव-अर्धा फेरा घेतातच.